फौजीच्या फाइलमधला ‘नाना’

आजचा एपिसोड कागदपत्रांवर आहे, म्हणजे बोअर व्हायची पूर्ण शक्यता आहे. पण तुमच्या घरात, भावकीत किंवा गल्लीत फौजेतून रिटायर झालेलं एक जरी माणूस असेल, किंवा तुमचा एखादा मित्र आत्ता तिकडे ड्युटीवर असेल, तर वीस मिनिटं थांबा. ऐकून झाल्यावर त्या माणसाची फाइल उघडून एक ओळ शोधायची आहे. कुठली ओळ, ते सांगते.

विषय असा आहे. सैनिकाला नोकरीत आजार जडला किंवा दुखापत झाली, तर त्याला डिसेबिलिटी पेन्शन मिळू शकते. हे बहुतेकांना माहीत असतं. पण ती मिळण्यासाठी डॉक्टरनं कागदावर नेमकं काय लिहिलेलं असावं लागतं, हे फार कमी जणांना माहीत असतं. मलाही नव्हतं. माझ्या पप्पांनाही नव्हतं, आणि ते २४ वर्षं फौजेत होते.

काळी पेटी

आम्ही साताऱ्याकडचे. आमच्याकडं फौजेतून आलेल्या माणसाला गाव ‘मेजर’ म्हणतं, त्याची रँक काहीही असो. पप्पा १९९६ मध्ये पायदळात शिपाई म्हणून भरती झाले आणि २०२० मध्ये हवालदार म्हणून घरी आले. त्याच वर्षी माझी कॉलेजची ॲडमिशन होती. माजी सैनिकांच्या मुलांसाठी स्कॉलरशिप असते, तिचा फॉर्म भरायचा होता आणि त्याला पप्पांचे कागद लागत होते. म्हणून मी त्यांची ती काळी लोखंडी पेटी उघडली. फौजींच्या घरात असते ती, नाव आणि नंबर पांढऱ्या रंगानं लिहिलेली.

पीपीओ सापडला, डिस्चार्ज बुक सापडलं. त्यांच्याखाली एक बारीक टायपिंगचा जुडगा होता. वर लिहिलं होतं रिलीज मेडिकल बोर्ड. रिटायर होणाऱ्या प्रत्येक जवानाची शेवटची वैद्यकीय तपासणी होते, आणि त्याला काही आजार असेल तर डॉक्टरांचं हे बोर्ड बसतं. त्याच्या फॉर्मला एएफएमएसएफ-१६ म्हणतात. नंबर लक्षात राहिला नाही तरी चालेल, ‘सोळा नंबरचा फॉर्म’ म्हटलं की फौजींना कळतं.

त्या फॉर्ममध्ये आजाराचं नाव होतं प्रायमरी हायपरटेन्शन, म्हणजे आपलं बीपी. पुढे कोड, आय-१०. अपंगत्व ३० टक्के, फॉर लाइफ. इथपर्यंत मला वाटलं, अरे वा. मग पुढचा रकाना वाचला. पेन्शनसाठी पात्र टक्केवारी: निल.

मी पप्पांना विचारलं, “पप्पा, इथं तीस टक्के लिहिलंय आणि शेजारी निल. असं कसं?”

पप्पा टीव्ही बघत होते. मान न वळवता म्हणाले, “नाना लागला त्यात.”

“नाना कोण?”

आता हसू येतं, पण मला खरंच वाटलं होतं की नाना नावाचे कुणी साहेब असतील.

नाना म्हणजे काय

फौजेत हा शब्द सगळे वापरतात. ‘निदर ॲट्रिब्युटेबल नॉर ॲग्रव्हेटेड’ या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं. मराठीत सांगायचं तर, आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही. आजार आहे, टक्केवारीही आहे, पण त्याचा फौजेशी संबंध नाही. संबंध नाही म्हणून पैसे नाहीत.

म्हणजे बघा, डिसेबिलिटी पेन्शनचे तीन प्रश्न असतात. पहिला, आजार नक्की कोणता? दुसरा, किती टक्के? तिसरा, नोकरीमुळे झाला किंवा वाढला का? पहिल्या दोन प्रश्नांत पास झालात आणि तिसऱ्यात नापास, तर निकाल शून्य. सेनेच्या १९६१ च्या पेन्शन नियमावलीपासून ही चौकट आहे: अपंगत्व नोकरीमुळे आलेलं किंवा वाढलेलं असावं, आणि किमान २० टक्के असावं.

पहिल्या प्रश्नावर थोडं थांबते, कारण बरेच दावे तिथेच घसरतात. दुखणं म्हणजे निदान नाही. पाठ दुखते, गुडघा धरतो, चक्कर येते, ही लक्षणं झाली. बोर्डाला आजाराचं नाव लागतं. पाठ दुखते म्हणजे मणका झिजलाय, की चकती सरकलीय? एमआरआय झाला का? स्पेशालिस्टनं बघितलं का? ‘बॅक पेन’ एवढ्या दोन शब्दांवर बोर्डाला फारसं काही ठरवता येत नाही. दुखापत असेल तर आणखी एक कागद लागतो, युनिटनं त्या वेळी भरलेला इंज्युरी रिपोर्ट. प्रकरण गंभीर असेल तर कोर्ट ऑफ इन्क्वायरीही होते. तो कागद त्या वेळी तयार झाला नाही, तर दहा वर्षांनी “सर, मी तेव्हा पडलो होतो” हे सिद्ध करणं फार जड जातं.

पप्पांचा पहिला प्रश्न व्यवस्थित होता, दुसराही. तिसऱ्याच्या पुढे बोर्डानं कारण म्हणून एकच गोष्ट लिहिली होती. आजार पीस स्टेशनवर सुरू झाला.

आजार कधी सुरू झाला

पीस स्टेशन म्हणजे शांततेच्या काळातलं, शहरातलं ठिकाण. तिथे शाळा असते, क्वार्टर असतात, कुटुंब सोबत राहू शकतं. त्याच्या उलट फील्ड. सीमेवरचं, डोंगरावरचं, अतिरेक्यांशी गाठ पडू शकते असं.

सेनेच्या डॉक्टरांसाठी एक मार्गदर्शक पुस्तक असतं, कुठला आजार नोकरीशी कसा जोडायचा हे सांगणारं. त्यात बीपीबद्दल असं आहे की माणूस फील्डमध्ये, अतिउंचावर, अतिरेकीविरोधी मोहिमेच्या भागात किंवा लांबच्या समुद्री ड्युटीवर असताना बीपी झालं, तर नोकरीनं ते वाढवलं असं धरायचं. हृदयविकाराच्या बाबतीत तर झटका येण्याआधीच्या १४ दिवसांत माणूस काय ड्युटी करत होता, हे तपासतात. म्हणजे आजार कुठे आणि कधी सुरू झाला या रकान्यावर बरंच काही अवलंबून असतं.

पप्पांची नोकरी अशी: काश्मीर दोनदा, मग उत्तर सिक्कीम, मग २०१६ मध्ये पीस स्टेशन. तिथे वार्षिक मेडिकलला बीपी जास्त आलं. हॉस्पिटलला पाठवलं, चार दिवस ठेवून मोजलं, निदान झालं. तारीख पडली २०१६, ठिकाण पीस.

मी त्यांना विचारलं, “सिक्कीमला असताना काही त्रास नव्हता?”

“डोकं दुखायचं की. झोप यायची न्हाई. सगळ्यांचंच तसं असतंय वर.”

“मग सांगितलं नाही डॉक्टरला?”

“सांगून? कॅटेगरी लागली असती.”

ही कॅटेगरी काय, ते सांगते. फौजेत तब्येतीला ग्रेड असते, तिला शेप म्हणतात. मन, कान, हातपाय, एकूण शरीर आणि डोळे, या पाच गोष्टींची पाच इंग्रजी अक्षरं. सगळं ठीक असेल तर शेप-वन. काही बिघडलं की लो मेडिकल कॅटेगरी. मग कोर्सला पाठवत नाहीत, प्रमोशन अडकू शकतं. म्हणून जवान काय करतो? डोकं दुखलं तर गोळी गिळतो आणि ड्युटीवर उभा राहतो. एमआय रूमला जात नाही, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात. पप्पा तेव्हा नाईकचे हवालदार व्हायच्या बेतात होते.

निदानाची तारीख आणि आजाराची तारीख एकच असेल असं नाही. निदान कधी होतं? मशीन समोर असतं तेव्हा. आणि सवडीनं चार दिवस ॲडमिट करून मोजायची सोय डोंगरावर नसते, खाली असते.

“म्हणजे मी घरनंच आजार घेऊन गेलो व्हय?”

पप्पांना हे प्रकरण उकरून काढायचंच नव्हतं. त्यांचं म्हणणं, “डिसेबल म्हणून अर्ज करू? मी काय लंगडा हाय का? गावात काय म्हणतील, मेजर धडधाकट हिंडतोय आन् अपंगाची पेन्शन खातोय.” आईनं समजावलं, मी समजावलं. ऐकेनात.

मग एका संध्याकाळी मी तो फॉर्म त्यांना मराठीत वाचून दाखवला. त्यांनी त्यावर सही केली होती, पण वाचला नव्हता. रिटायरमेंटच्या गडबडीत पंधरा ठिकाणी सह्या घेतात, तशी एक. मी वाचलं, “हा आजार नोकरीमुळे झालेला नाही, नोकरीमुळे वाढलेला नाही.”

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे मी घरनंच आजार घेऊन गेलो, असं म्हणत्यात व्हय?”

पैशासाठी ते हलले नव्हते. या ओळीनं हलले.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगते. माझ्या आजीला, म्हणजे पप्पांच्या आईला, बीपी आहे. मला ते सारखं टोचत होतं. खरंच घराण्यातलं असेल तर? आपण खोटा दावा करतोय का? आमच्या वकीलबाईंना मी हे पहिल्याच भेटीत सांगितलं. त्या म्हणाल्या, “लपवायचं काहीच नाही. तीन गोष्टी बघ. भरती झाले तेव्हा डॉक्टरांनी तपासलं होतं ना? त्या कागदावर बीपी लिहिलंय का?” नव्हतं. फिट लिहिलं होतं. “बोर्डानं कुठे लिहिलंय का की हे आनुवंशिक आहे आणि का आहे?” तेही नव्हतं. “आणि समजा आनुवंशिक असलं, तरी वीस वर्षांच्या नोकरीनं ते वाढलं नाही, हे कुणी दाखवलंय का?”

हा तिसरा मुद्दा नीट ऐका, कारण ‘नोकरीमुळे झाला’ आणि ‘नोकरीमुळे वाढला’ हे दोन वेगळे रकाने आहेत. दोन्हींत हो लागत नाही. एकात हो असलं तरी पुरतं.

कोर्ट काय म्हणतं

या विषयात एक निकाल सगळे वकील सांगतात. धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार, सर्वोच्च न्यायालय, जुलै २०१३. धरमवीर सिंग १९८५ मध्ये सिग्नल्समध्ये शिपाई म्हणून भरती झाले. नऊ-एक वर्षांनी, १९९४ मध्ये, फिट्स येतात म्हणून त्यांना वैद्यकीय कारणावरून घरी पाठवलं. अपंगत्व २० टक्के. बोर्डानं म्हटलं, हा शरीराच्या घडणीतलाच आजार आहे, नोकरीशी संबंध नाही.

कोर्टानं १९८२ चे नियम उघडले. त्यांत असं होतं की भरतीच्या वेळी नोंद नसेल तर माणूस निरोगी आला होता असं धरायचं. पुढे तब्येतीमुळे घरी पाठवला, तर बिघाड नोकरीमुळे झाला असं धरायचं. सिद्ध करायची जबाबदारी जवानावर नाही, आणि शंका असेल तर फायदा जवानाला. आता बोर्डाला म्हणायचं असेल की हा आजार भरतीच्या तपासणीत दिसण्यासारखाच नव्हता, तर म्हणू दे, पण कारणं लिहायला हवीत. धरमवीर सिंगांच्या कागदावर कारणंच नव्हती. कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला.

कोर्टानं असं म्हटलेलं नाही की प्रत्येक आजाराला पेन्शन द्या. कोर्ट डॉक्टरांच्या मताला मान देतं. फक्त नुसतं मत नको, मतामागचं कारण हवं. २०२५ मध्येही सर्वोच्च न्यायालयानं मानसिक आजाराच्या एका केसमध्ये, राजुमोन टी. एम. यांच्या, हेच पुन्हा सांगितलं. बोर्डानं कारणं द्यायलाच हवीत.

नियम मात्र बदलत गेले. २००८ मध्ये नवे आले, आणि २१ सप्टेंबर २०२३ पासून आणखी नवे. जुन्या नियमांतली जवानाच्या बाजूची भाषा नंतर कमी होत गेली. २०२३ च्या वेळी सरकारची बाजू अशी होती की काही लोक या पेन्शनचा गैरफायदा घेतात. माजी सैनिकांच्या संघटनांनी त्याला विरोध केला. दोन्ही बाजूंना थोडंथोडं खरं आहे, असं मला वाटतं. पण तुमच्या माणसाला कुठले नियम लागू, हे तो कधी बाहेर पडला त्यावर ठरतं. पप्पा २०२० चे, म्हणून त्यांना २००८ चे. आणि नव्या नियमांत, जो पूर्ण नोकरी करून अपंगत्वासह बाहेर पडतो, त्याच्या रकमेला ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असं नाव आहे. कागदावर डिसेबिलिटी हा शब्द दिसला नाही म्हणून फाइल बंद करू नका.

पैशाचा हिशोब

किती पैसे, हा प्रश्न तुमच्या डोक्यात आला असेल. नेहमीच्या पेन्शनच्या वर डिसेबिलिटी एलिमेंट मिळतो. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, आणि टक्केवारी कमी तशी रक्कम कमी. समजा शेवटचा हिशोबात धरायचा पगार ४०,००० रुपये. १०० टक्क्यांना १२,००० आणि ३० टक्क्यांना ३,६००.

पण इथे राउंडिंग नावाची एक गोष्ट आहे. ५० च्या खाली असाल तर ५० धरतात, ५० ते ७५ ला ७५, त्याच्या वर १००. आधी हा फायदा फक्त वैद्यकीय कारणानं मध्येच घरी पाठवलेल्यांना मिळायचा. डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राम अवतार यांच्या केसमध्ये तो पूर्ण नोकरी करून रिटायर झालेल्यांनाही दिला. म्हणजे आपल्या उदाहरणात ३,६०० चे ६,००० होतात. वर महागाई वेगळी. जन्मभर, दर महिन्याला.

आम्ही काय केलं

आधी आरटीआय टाकून सगळे वैद्यकीय कागद मागवले. पेटीत होते ते अर्धेच होते. भरतीच्या वेळचा फॉर्म, वार्षिक मेडिकल, हॉस्पिटलची डिस्चार्ज स्लिप आणि पोस्टिंगची यादी, कुठे किती महिने. ही यादी फार महत्त्वाची. बोर्डाच्या फॉर्ममध्ये २०१६ दिसतं, यादीत त्याच्या आधीची वर्षं दिसतात.

मग पहिलं अपील. नकाराचं पत्र मिळाल्यापासून त्याला सहा महिने असतात. आम्ही अगदी शेवटच्या आठवड्यात पाठवलं. उत्तर आलं, बोर्डाचं मत कायम. मग दुसरं अपील. उत्तर तेच, फक्त तारीख नवी.

मग आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल. सैनिकांच्या नोकरीच्या आणि पेन्शनच्या केसेससाठी २००७ च्या कायद्यानं हे वेगळं न्यायालय केलंय. आपल्याकडे त्याचं मुंबईला बेंच आहे. आम्ही २०२३ मध्ये अर्ज केला.

सुनावणीला मी पप्पांसोबत गेले होते. सिनेमात असतं तसं काही नसतं. आमचा नंबर आला, दहा-बारा मिनिटं बोलणं झालं. सरकारी वकिलांनी सांगितलं, पीस स्टेशन. आमच्या वकीलबाईंनी पोस्टिंगची यादी दाखवली आणि म्हणाल्या, पीस स्टेशनलाही परेड, ट्रेनिंग, गार्ड ड्युटी असतेच, आणि बोर्डानं ठिकाणाचं नाव सोडून दुसरं कारण दिलेलं नाही. पप्पा मागच्या बाकावर ताठ बसले होते. कुणी साहेब आत आले की उठायचे. मी हात धरून खाली बसवत होते.

२०२५ मध्ये निकाल लागला. आजार नोकरीमुळे वाढला असं धरलं. ३० टक्के, राउंड करून ५०, फॉर लाइफ. पैसे खात्यात यायला पुढे आणखी काही महिने गेले. पहिला हप्ता आला त्या दिवशी पप्पांनी मेसेज बघितला आणि मला म्हणाले, “त्या कागदावर आता काय लिहिलंय, ते वाच बरं.” मी वाचलं. ‘नोकरीमुळे वाढलेला.’ ते “बरं” म्हणाले आणि म्हशीला पाणी दाखवायला गेले.

मामाचं काय

इथे एपिसोड संपवला असता तर छान वाटलं असतं. पण मला मामाबद्दल सांगायचंय.

माझे मामा तोफखान्यात होते, १७ वर्षं. तोफेशेजारी उभं राहणारा माणूस. आता त्यांच्याशी फोनवर बोलायचं तर स्पीकरवर ओरडावं लागतं. टीव्हीचा आवाज शेजारच्या वाड्यात जातो. आमच्या निकालानंतर मामा घरी आले आणि म्हणाले, “ए पोरी, माझंबी बघ की काय होतंय का.”

मी त्यांचे कागद बघितले. शेप-वन. रिटायर होताना कान नॉर्मल. १७ वर्षांत कानाची एकही तक्रार नाही, एकही ऑडिओमेट्री नाही. मी विचारलं, “मामा, तेव्हा ऐकू येत नव्हतं का?”

“कमीच येत होतं गं. पण सगळ्यांनाच येत होतं.”

“मग सांगितलं का नाही?”

“सिक रिपोर्ट करणाऱ्याला कामचोर म्हणत्यात.”

रिटायर झाल्यानंतर उघड झालेल्या आजारासाठीही नियमांत वाट आहे. पण ती ठरावीक वर्षांपुरती, आणि आजाराची सुरुवात नोकरीतच झाली होती असं सक्षम डॉक्टरांनी म्हणायला हवं. मामांना बाहेर पडून वीस वर्षं होऊन गेलीत. आम्ही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारलं, वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, प्रयत्न करता येईल, पण आशा लावू नका.

पप्पांकडे निदान होतं, कारण नव्हतं. त्यावर भांडता आलं. मामांकडे निदानच नाही. तोफा होत्या, कान गेले, आणि मधला कागद कुणी केलाच नाही. खाजगी डॉक्टरची आजची रिपोर्ट आज ऐकू येत नाही एवढंच सांगते, तेव्हाचं सांगत नाही.

आता तुमचं काम

तुमच्यापैकी काही जण भरतीची तयारी करत असाल, काही जण अग्निवीर असाल. तुम्हाला हे जास्त लागू आहे. अग्निवीराला चार वर्षांनंतर पेन्शन नाही. नोकरीमुळे अपंगत्व आलं तर एकरकमी पैसे आहेत: १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५ लाख आणि ५० ला १५ लाख. पण तिथेही अट तीच, नोकरीमुळे झालेलं किंवा वाढलेलं. आणि ते मेडिकल बोर्डच ठरवणार. म्हणून आत असताना दुखलं तर नोंद करा. पडलात तर इंज्युरी रिपोर्ट भरला का, ते विचारा. कानात शिट्टी वाजत असेल तर सांगा. कॅटेगरीची भीती खरी आहे, मी ती खोटी म्हणणार नाही. पण मामांचे कान बघा आणि मग ठरवा.

आणि ज्यांच्या घरात रिटायर फौजी आहेत, त्यांनी आज रात्री पेटी उघडा. मोबाइलवर सगळे कागद स्कॅन करा, कारण बारीक टायपिंग उडून जातं. मग हे बघा.

सोळा नंबरचा फॉर्म आहे का? आजाराचं नाव स्पष्ट आहे का? सुरुवात कधी आणि कुठे लिहिली आहे? टक्के किती, आणि किती काळासाठी? ‘नोकरीमुळे झाला’ आणि ‘नोकरीमुळे वाढला’ या दोन रकान्यांत काय आहे? आणि शेवटी ती ओळ, जी शोधायला मी सुरुवातीला सांगितलं होतं. नाही लिहिलं असेल, तर का नाही, याचं कारण लिहिलंय का? खरं वैद्यकीय कारण असेल, पटण्यासारखं असेल, तर मान्य करा. नुसतं ठिकाणाचं नाव असेल, किंवा काहीच नसेल, तर फाइल घेऊन बाहेर पडा.

उशीर झाला म्हणून सोडू नका. पेन्शन दर महिन्याची गोष्ट आहे, म्हणून उशिरा गेलात तरी दरवाजा बंद नसतो. पण मागची थकबाकी साधारणपणे अर्जाच्या आधीच्या तीनच वर्षांची मिळते. २००८ च्या तरसेम सिंग यांच्या निकालापासून असं चालतं. म्हणजे प्रत्येक वर्षाचा उशीर म्हणजे एका वर्षाचे पैसे गेले.

वकिलाची फी परवडत नसेल तर आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. २०२५ च्या जुलैमध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं सैनिक कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना सुरू केली. तिच्याखाली सैनिक बोर्डांच्या कार्यालयांत मोफत कायदेशीर मदतीची केंद्रं सुरू होत आहेत. तुमच्या जिल्ह्यात आहे का, एक फोन करून विचारा. “पाच लाख मिळवून देतो, अर्धे माझे” म्हणणारा एजंट प्रत्येक तालुक्यात भेटतो. त्याच्या हातात मूळ कागद देऊ नका.

बस, एवढंच. पेटीत काय सापडलं ते मला कळवा, पण कागदाचा फोटो पाठवताना नाव आणि नंबर झाकून पाठवा. पप्पांनी खास सांगितलंय की एपिसोडच्या शेवटी जय हिंद म्हण. तर, जय हिंद. भेटू पुढच्या वेळी.